पीकविम्याला कात्री लावून जोखीम संपत नाही

हवामान लहरी झाले, बोगस अर्ज वाढले, तेव्हा पीकविमा टिकवायचा तर त्याची कक्षा आखडलीच पाहिजे, असे सांगितले जाते. खरीप 2025 पासून राज्याने एक रुपयातील पीकविमा योजना बंद केली. सोबत स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीपश्चात नुकसान ही संरक्षणेही काढली. भरपाई आता पीक कापणी प्रयोगावरच.

बोगस अर्ज सापडले, हे खरेच. ते रोखायला शेतकरी ओळख क्रमांक आहे, ई-पीक पाहणी आहे. काढणीनंतरच्या पावसाचे संरक्षण काढून कोणता बोगस अर्जदार सापडणार?

कापणी प्रयोगात खरे नुकसान कळतेच, हा दावाही टिकत नाही. प्रयोग उभ्या पिकावर होतो, हिशेब महसूल मंडळाचा होतो. जुलै 2023 मध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर पुराने असे वेढले की सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले. अशा पुरात नाल्याकाठचे वावर खरडून जाते, माळावरचे तगते आणि मंडळाची सरासरी बरी दिसते. सोयाबीन सोंगून पसरवले, वर पाऊस आला, शेंगांतच कोंब फुटले, तरी प्रयोगाच्या तक्त्यात ते पीक चांगलेच.

त्यात उंबरठा उत्पन्न; मंडळाची सरासरी त्याखाली गेली तरच भरपाई. मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी आणि तिचे 70 टक्के. सातांत तीन वर्षे बुडाली की एक बुडालेले वर्ष सरासरीत शिरते आणि उंबरठा खाली येतो. म्हणजे हवामान जितके बिघडेल तितके संरक्षण घटणार! टिकाऊपणाच्या नियमनाने आधी हात घालायचा तो इथे.

असे नियमन सुरूही झाले आहे. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये विमा कंपन्यांच्या संचालक मंडळांना पर्यावरण, समाज व सुशासनाचे धोरण मंजूर करणे बंधनकारक केले. पाऊल योग्यच आहे. पण ते कंपन्यांच्या मुख्यालयात थांबता कामा नये. कडक नियमांनी हप्ता वाढेल, या भीतीलाही उत्तर आहे. पीकविम्याच्या बीड पॅटर्नमध्ये हप्त्याच्या 110 टक्क्यांपुढची भरपाई राज्याच्या तिजोरीतूनच जाते. मोठी जोखीम जनता उचलते, तर हिशेब मागण्याचा हक्कही तिचाच.

काढलेली संरक्षणे परत आणा. उंबरठा ठरवताना आपत्तीची वर्षे वगळा. आणि यवतमाळच्या प्रत्येक मंडळाचे उंबरठा उत्पन्न, प्रयोगाचे आकडे, दावे नाकारल्याची कारणे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, तीही विमा भरण्याची मुदत संपण्याआधी.