‘नट जाम आहेत, गाडीच बदला’

‘सायलेन्सर काढला’ म्हटल्यावर काय आठवतं, ते आपल्या वयाच्या दहा जणांना विचारून बघा. फटफट आवाज, रात्रीचा रिकामा रस्ता, रील. त्यानंतर पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले आणि त्यांच्यावरून फिरणारा रोडरोलर. पुण्यात, मुंबईत, नागपुरात हे इतक्यांदा झालंय की आता त्याची बातमीही कुणी पूर्ण वाचत नाही.

म्हणजे धडधाकट सायलेन्सर उतरवून आवाजी नळी बसवणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. गंजून भोक पडलेला सायलेन्सर उतरवून जागी नीट, शांत सायलेन्सर बसवायची वेळ आली की मात्र हेच हात खिशात जातात आणि तोंडातून एकच वाक्य येतं: ‘जाऊ दे ना, जुनी झाली, नवीन घे.’ माझं भांडण या वाक्याशी आहे.

आमच्या घरी २००६ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. बाबांनी घेतली, आता मी चालवते. घर अलिबागच्या बाजूला, त्यामुळे खारा वारा बारा महिने. सायलेन्सरच्या पोटाला भोक पडलं तेव्हा एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आलं, ‘ताई, नट जाम आहेत. जोर लावला तर स्टड तुटेल. स्टड तुटला तर हेड उतरवावं लागेल. जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला? एक्स्चेंजमध्ये द्या.’ हे सगळं बोलून झालं तोवर कुणी पान्याला हातसुद्धा लावला नव्हता.

यातलं एकही वाक्य धादांत खोटं नाही. नट जाम असतात, स्टड तुटू शकतो, हेडचं काम निघू शकतं. पण ‘होऊ शकतं’चं ‘होणारच’ कधी झालं हे ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण आत काय आहे हे त्याला माहीत नसतं. काही हजारांचा सायलेन्सर पाऊण लाखाच्या पुढच्या नव्या गाडीत असा बदलतो. यात तंत्रज्ञान कुठेच नाही. आपल्या अज्ञानाचा दर लावला जातो, एवढंच.

तर मग आत काय आहे ते बघूच.

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. थोडंथोडकं नाही, एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण लीटरभर. लांब पल्ल्यावर सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. आपण गाडी काढतो ती दूध आणायला, क्लासला, स्टेशनपर्यंत. तेवढ्यात सायलेन्सर पुरता तापतही नाही. आतली वाफ थंड होऊन पाणी होतं, धुरातल्या इतर वायूंमुळे ते किंचित आम्लधर्मी होतं आणि सर्वांत खालच्या भागात साचून राहतं. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या सायलेन्सरला एक दिवस पोटाशी भोक दिसतं, ते बहुतेक वेळा आतून पडलेलं असतं. म्हणजे गाडी जास्त पळवली म्हणून सायलेन्सर कुजला असं नसतं. अनेकदा ती पुरेशी पळत नाही म्हणून तो कुजतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेचा मारा बाहेरूनही असतो. यातलं काहीही ‘गाडी संपल्याचं’ लक्षण नाही. छत्रीची काडी गंजली म्हणून कुणी पावसाळा रद्द करत नाही.

नट का जाम होतो? गंज हा मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि स्टडच्या आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगून बसतो आणि पाचरीचं काम करतो. एवढं समजलं की जोर लावून उपयोग नाही हेही समजतं. पाचर आधी सैल करावी लागते. आमच्या नाक्यावरच्या मेस्त्रींनी मला पहिला धडा हाच दिला: ‘आधी किंचित घट्ट कर, मग सैल कर.’ ऐकायला उलटं वाटतं. पण त्या उलट्या झटक्याने गंजाची पकड मोडते. मग पाव फेरा सैल, अर्धा पाव परत घट्ट, पुन्हा तेल, पुन्हा सैल. घाई करणाऱ्याचा स्टड तुटतो.

जुन्या साध्या मोटरसायकलवर काम एवढंच असतं. आदल्या रात्री गाडी पूर्ण थंड असताना तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे आणि नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. गरम सायलेन्सरवर तेल मारू नये, पेट घेऊ शकतं. सकाळी परत तेल. पाना बंद तोंडाचा घ्यायचा, रिंग किंवा सहा कोनी बॉक्स. गंजाने झिजलेल्या नटावर उघड्या तोंडाचा किंवा ॲडजस्टेबल पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. हेडजवळचे पुढचे दोन नट आधी सोडायचे, मागे फ्रेमला धरणारा बोल्ट शेवटी. उलट केलं तर सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या स्टडवर लटकतं.

तरीही नट हललाच नाही तर? इथे मेस्त्रींचा दुसरा धडा: स्वस्त वस्तू तोड, महागडी वाचव. नट काही रुपयांना मिळतो. स्टडला त्याहून जास्त पडतात. हेड सर्वांत महाग. तेव्हा नट छिन्नीने किंवा नट फोडायच्या अवजाराने फोडायचा. सायलेन्सर तर भंगारातच जाणार आहे, तो अडलाच तर हॅकसॉने कापा. त्याच्यावर दया दाखवून हेडचे आटे खराब करण्यात काय शहाणपण? गोड बोलून गाडी विकायला लावणारे नेमका उलटा हिशोब सांगतात. स्वस्त वस्तू वाचवायला जाऊन सगळ्यांत महागडी वस्तू, म्हणजे अख्खी गाडी, फेकायला लावतात.

नवीन बसवताना गॅस्केट नवीनच घ्यायचं. स्टडवर थोडं कॉपर ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी ही लढाई लढावी लागत नाही. गाडी सुरू केल्यावर जोडाशी फटफट ऐकू आली किंवा काजळीचा काळा पट्टा दिसला तर जोड गळतोय. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, नाकाला मास्क हवाच. गंजाची खपली डोळ्यात गेली तर डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं खरवडायचं नाही. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टाकीत पेट्रोल असताना घरी ज्योत पेटवायचीच नाही. ज्याला उष्णता द्यावी लागेल असा नट मेस्त्रींकडे न्यायचा. कारच्या खाली नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कुणीही शिरू नये.

हे वाचून ‘एवढी काळजी घ्यायची तर नकोच’ वाटत असेल, तर आठवून बघा, गॅसची शेगडी आपण रोज पेटवतो.

खरी अडचण पान्यात नसतेच. मी तेलकट हाताने घरात आले तेव्हा बाबा म्हणाले, ‘एवढी शिकलीस ती हात काळे करायला का गं?’ बाबांवर राग नाही. हे वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. ज्याच्या हाताला काळं लागतं तो पन्नाशीचा असला तरी आपण त्याला ‘अरे, जरा बघ रे’ म्हणतो, आणि काउंटरमागे इस्त्रीचा शर्ट घालून कोटेशन छापणाऱ्या पंचविशीच्या मुलाला ‘सर’. कोणत्या कामाला मान आणि कोणत्याला नाही हे आपल्याकडे काम सुरू होण्याआधीच, जातीने आणि मग पदवीने, ठरवून ठेवलंय. मुलगी असेल तर आणखी एक कुलूप. हाताने काम करणाऱ्याचा अपमान केला की त्या कामातलं ज्ञानही आपल्याला दिसेनासं होतं. मग ते ज्ञान दुसरं कुणीतरी आपल्यालाच चढ्या भावाने विकतं.

आणि विकणारे लहानसहान नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा हाच होता: मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण काय चाललं होतं ते आयोगाच्या आदेशात नोंदवलेलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. हक्काची भाषा आली हे चांगलंच. पण ज्याला नट कुठे आहे हे माहीत नाही, त्याने तो हक्क घेऊन करायचं काय?

कुणी म्हणेल, ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते ना?’ नाही. दिल्लीच्या परिसरातले वयाचे नियम ऐकून आपण ते सगळीकडे लावतो. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ३०० रुपयांवरून १,००० झालं, कारचं ६०० वरून ५,०००. शुल्क वाढवून दार जड करता येतं, पण ते बंद झालेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुन्या गाड्या प्रदूषण करतात. बरोबर. म्हणूनच गळका सायलेन्सर बदलायला हवा. ज्या गाडीची फ्रेमच कुजलीय, जी पीयूसीत बसत नाही आणि दुरुस्तीनेही बसणार नाही, ती खुशाल भंगारात द्या, मी रडणार नाही. आणि बीएस-सिक्स गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो काढून रिकामी नळी बसवणं ही दुरुस्ती नव्हेच. पण एक भाग कुजला म्हणून बाकीचं सगळं पोलाद फेकून नव्याने गाडी घडवणं, याला पर्यावरणप्रेम म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप: सगळे घरीच करायला लागले तर मेस्त्रींच्या पोटाचं काय? हा प्रश्न मी मेस्त्रींनाच विचारला. ते हसले. म्हणाले, ‘तू स्वतः खोललंस की तुला कळतं मी मजुरी कशाची घेतो. तू घासाघीस करणार नाहीस.’ त्यांचं पोट मारते ती त्यांना न मिळणारी माहिती, आणि ‘जुनी आहे, विकून टाका’ म्हणणारा काउंटर. दुरुस्त करायला जुनी गाडीच उरली नाही, तर मेस्त्री कुठे उरतील?

प्रत्येकाने गॅरेज काढावं असं मी म्हणत नाहीये. एवढंच करा: आज संध्याकाळी गाडी थंड झाली की मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाका. सायलेन्सर कुठून सुरू होतो, कुठे संपतो, त्याला किती नट धरतात, ते मोजा. नटांवर तेलाचे दोन थेंब सोडा. पुढच्या वेळी कुणी ‘जाम आहे’ म्हणालं, तर विचारा, ‘कोणता?’