शॉकअप हुशार, पण खड्डा अडाणी

मंडळी, या वीकएंडला कोडिंग, अप्रेझल, ऑनसाइट वगैरे काही नाही. आज गाड्या. आणि त्यातही एकच प्रश्न: भरपूर पैसे मोजून वेगवान गाडी घ्यायचीच ठरवली, तर अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनसाठी वरचे पैसे द्यावेत, की साध्यावर भागवावं?

गाड्यांच्या मासिकांत याचं उत्तर ठरलेलं असतं: परवडत असेल तर अॅडॅप्टिव्ह घ्या. पण ते लिहिणारा माणूस गाडी घेऊन आर्णी, दिग्रस, वणीला जात नाही. आपल्यापैकी बरेच जण जातात. नोकरी हिंजवडीत, घर यवतमाळ जिल्ह्यात, आणि दिवाळीला डिकीत चिवड्याचे डबे. त्यांच्यासाठी माझं उत्तर वेगळं आहे.

आधी थोडं तांत्रिक. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी शांत करतो. शॉकअपच्या आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला भोकं आणि झडपा. साध्या शॉकअपात त्या झडपांचं गणित कारखान्यात एकदाच ठरतं. आपल्या भाषेत, व्हॅल्यू हार्डकोडेड. अॅडॅप्टिव्हमध्ये चाकांवरचे आणि बॉडीवरचे सेन्सर माहिती देत राहतात आणि कंप्युटर चालत्या गाडीत शॉकअप कडक किंवा मऊ करतो. म्हणजे तीच व्हॅल्यू, पण रनटाइमला. काहींमध्ये झडप विजेवर चालते, तर काहींच्या तेलातच लोखंडाचे बारीक कण असतात आणि चुंबकीय क्षेत्रानं ते तेल घट्ट होतं. हा दुसरा प्रकार 2002 मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये पहिल्यांदा आला. आपल्याकडे ही भानगड बरीच वर्षं बाहेरच्या महागड्या गाड्यांपुरती होती. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या, चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई 6 च्या वरच्या मॉडेलमध्येही ती मिळू लागली.

आता लक्षात घ्या, यात बदलतं काय? फक्त शॉकअपचा कडकपणा. एअर सस्पेन्शन सोडलं तर स्प्रिंग तीच राहते. चाक वर-खाली जायला जागा तेवढीच. टायर तोच. गाडीचं पोट जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर. सॉफ्टवेअरवाल्यांना तरी हे समजवायला नको: हार्डवेअरची मर्यादा कितीही चांगला कोड लिहून ओलांडता येत नाही.

आता आपले रस्ते बघू. यवतमाळकडच्या रस्त्याचा त्रास दोन जातींचा.

पहिली जात लाटांची. जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी काळी कापसाची जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. वरचं डांबर कितीही गुळगुळीत असलं तरी खालची माती हलते आणि रस्त्याला लांब लांब लाटा येतात. समजा 20 मीटरची लाट आहे आणि तुम्ही ताशी 100 नं जाताय, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. गाडीला सेकंदाला साधारण 1.4 हेलकावे मिळणार. गंमत म्हणजे गाडीच्या बॉडीची स्वतःची झुलण्याची लय सेकंदाला 1 ते 1.5 असते. दोन्ही जुळलं की गाडी होडीसारखी डोलते आणि मागच्या सीटवर लिमलेटच्या गोळ्या वाटाव्या लागतात. इथे अॅडॅप्टिव्ह खरोखर कमाल करतं. डोलणं सुरू झालं की शॉकअप कडक, सपाट रस्ता आला की पुन्हा मऊ. श्रेय द्यायलाच हवं.

दुसरी जात कडेची. खड्ड्याची कड, पुलाचा जोड, वणीकडे कोळशाच्या ट्रकांनी उखडलेलं डांबर, आणि गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, ताशी 25 नं आरामात पार होणारा. प्रत्यक्षात आपल्याकडे रस्त्यावर आडवा ओंडका टाकल्यासारखा असतो. ताशी 80 नं जाताना अर्ध्या मीटरचा खड्डा चाकाखालून 22 मिलिसेकंदात निघून जातो. सेन्सरला कळेपर्यंत चाक त्यात पडलेलं असतं. कॅमेऱ्यानं पुढचा रस्ता वाचून तयारी करणारी सस्पेन्शनं आहेत, मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये 2013 पासून. पण तो आपला बजेट नाही आणि पावसात पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली कॅमेऱ्याला तरी काय कळणार?

मग ती कड झेलतं कोण? सगळ्यात आधी टायर. 225/40 आर19 टायरची भिंत भरते 90 मिलिमीटर. 215/60 आर17 ची 129. हे जवळजवळ 4 सेंटिमीटर जास्तीचं रबर आणि हवा कुठलाही कंप्युटर भरून काढत नाही. आणि गंमत बघा, वरच्या मॉडेलमध्ये अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनसोबत बऱ्याचदा मोठं चाक आणि चपटा टायरही गळ्यात मारतात. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं :-)

यवतमाळच्या एका गॅरेजवाल्यानं हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं होतं: "भाऊ, गाडी किती बी शिकेल असू द्या, खड्ड्याले काय समजते?"

टीममधला एक मित्र पुसदचा आहे. त्याच्या आईला दर दोन महिन्यांनी नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं, मणक्याचा त्रास आहे. तो सध्या अशाच एका गाडीच्या प्रेमात आहे आणि ब्रोशरमधला कम्फर्ट मोड दाखवून घरच्यांना पटवतोय. महागाव ते नागपूर, म्हणजे आर्णी, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी, हा रस्ता आता चौपदरी आहे. तिथे कुठलीही बरी गाडी चालेल. पण आईचा मणका दुखणार तो घर ते हायवे आणि हायवे ते दवाखाना या टप्प्यांत, म्हणजे कडेच्या जातीच्या रस्त्यावर. तिथे कम्फर्ट मोडपेक्षा टायरची भिंत कामाला येते. वर शॉकअप गळायला लागला तर साधा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी काहीतरी सोय होते. इलेक्ट्रॉनिक असेल तर कंपनीचं वर्कशॉप गाठावं लागतं, पार्टची वाट बघावी लागते आणि बिल साध्याच्या कितीतरी पट येतं. वॉरंटी संपल्यावर तर विचारूच नका.

मधला मार्गही आहे, ज्याची जाहिरात फारशी होत नाही. फ्रिक्वेन्सीनुसार कडकपणा बदलणारा शॉकअप. यात ना सेन्सर, ना वायर. झटका झटपट असेल तर तेलाला पळवाट मिळते, सावकाश हेलकावा असेल तर दाब वाढून ती वाट बंद होते. 2017 ची जीप कंपास आणि 2021 ची महिंद्रा एक्सयूव्ही 700 यांत हे आहे. सगळं लॉजिक तेलातच! मला तरी हे इंजिनिअरिंग जास्त सुंदर वाटतं.

आता विरुद्ध बाजू. पांढरकवड्याकडे रात्री रोही आडवा आला आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर त्या क्षणी कडक होणारा शॉकअप गाडी ताब्यात ठेवायला मदत करतो. हा फायदा खरा आहे आणि आरामापेक्षा मोठा आहे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की रस्ता कळेनासा होतो. समृद्धीवर ताशी 120 नं येऊन धामणगावला उतरलात की बाभूळगावमार्गे यवतमाळपर्यंत कापसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि शाळेची पोरं असतात. गाडी गचके देते तेव्हा ती तुम्हाला सांगत असते की हळू चला. तो निरोप सॉफ्टवेअरनं गाळून टाकला तर पाय आपोआप खाली जातो. आणि त्या वेगाची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो.

तर माझं मत सरळ आहे. साधं सस्पेन्शन, लहान चाक, जाड टायर. उरलेले पैसे चांगल्या टायरांवर घाला. अपवाद एकच: काही वेगवान गाड्यांत "साधं" म्हणजे बुटकं आणि कडक स्पोर्ट्स सस्पेन्शन असतं, जे गुळगुळीत रस्त्यांसाठी बनलेलं असतं. तिथे अॅडॅप्टिव्ह घ्या, किंवा सरळ ती गाडीच सोडा.

आणि टेस्ट ड्राइव्हला गेलात तर शोरूमवाल्याच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर जाऊ नका. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस मागे बसवा, गाडी एखाद्या खराब गल्लीत घाला आणि त्यांना विचारा. ब्रोशर नंतर वाचा.