करशास्त्र : कलमांचें कीं तत्त्वांचें?

१९६१ च्या प्राप्तिकराच्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेनें २०२५ सालीं संमत केला व १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरविला. जुन्या कायद्यांतील कलमांचे आंकडे घोकून ज्यांनीं विद्यापीठाची परीक्षा दिली, त्यांची बरीचशी पुंजी या एका फेरबदलानें मोडींत निघाली. परंतु कर कां घ्यावा, कोणाकडून घ्यावा व कशासाठीं घ्यावा, हे प्रश्न ज्यानें विद्यार्थिदशेंत पारखून घेतले, त्याची पुंजी कायम राहिली. यास्तव कराचें शिक्षण तत्त्वांपासून सुरू झालें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं समता, निश्चितता, सोय व काटकसर हीं कराचीं चार तत्त्वें सांगितलीं. तीं नुसतीं पाठ करून भागत नाहीं. प्रत्यक्ष करास लावून पाहावीं लागतात. इंग्रजी अमदानींतील मिठाचा करच घ्या. धनिकाच्या व मजुराच्या ताटांतील मीठ जवळजवळ सारखेंच; म्हणून मजुराच्या मिळकतीच्या मानानें त्याचा भार कितीतरी अधिक. वसुलीची निश्चितता साधली, पण समता बुडाली! १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलतांना नामदार गोखल्यांनीं हीच कसोटी लाविली. प्रजा दरिद्री असतां तिजोरींत शिल्लक पडते, ती भरभराटीची खूण नसून गरजेहून अधिक कर घेतल्याची खूण आहे, हें त्यांनीं सरकारास सुनावलें. डॉ. आंबेडकरांनीं कोलंबिया विद्यापीठांत प्रो. सेलिग्मन यांच्याजवळ अभ्यास करून हिंदुस्थान सरकार व प्रांत यांच्यामधील आर्थिक संबंधांचा जो विचार केला, तो १९२५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. केंद्र व राज्यें यांच्यांतील वांटणीचा तो प्रश्न अद्यापि मिटलेला नाहीं.

कोणी व्यापारी म्हणतील, आम्हांस तत्त्वें काय करावयाचीं? विवरणपत्र वेळेवर भरणारा वकील मिळाला कीं पुरे. आमचें उत्तर असें कीं, १ जुलै २०१७ पासून सुरू झालेल्या वस्तु व सेवा कराचा भरणा दुकानदार करतो, पण भार बहुतांशीं गिऱ्हाइकावर जातो. कोणत्या मालावर किती दर असावा, याविषयीं व्यापाऱ्यांनीं केवळ 'आम्हांस सूट द्या' असें म्हटल्यास त्यास वजन येत नाहीं. दर अन्याय्य कां, हें तत्त्वानें दाखवून द्यावें लागतें.

कायद्याच्या आधारावांचून कर बसवितां येणार नाहीं, असें राज्यघटनेचें २६५ वें कलम सांगतें. परंतु कायदेशीर कर व न्याय्य कर या दोन वस्तु निराळ्या आहेत. १९३० सालीं दांडीस ज्याविरुद्ध सत्याग्रह झाला, तो मिठाचा करही कायदेशीरच होता! हा भेद ओळखण्याची दृष्टि कलमांच्या यादींतून येत नाहीं. म्हणून विद्यापीठांनीं पहिल्या सत्रांत विद्यार्थ्यांपुढें आपल्याच नगरपालिकेचें अंदाजपत्रक ठेवावें व घरपट्टी कोण देतो, ती खर्च कोठें होते, हें त्यांजकडून काढून घ्यावें. कलमें मागाहून शिकतां येतील.