सोडवलेल्यांची मोजदाद

साहित्याच्या अभ्यासकांनी प्रकल्पांचे अहवाल वाचावेत काय, असा प्रश्न आम्ही मागे एका चर्चेत उपस्थित केला, तेव्हा जमलेल्या अध्यापकांपैकी बहुतेकांनी नुसते स्मित केले. अहवाल हा समाजकार्य शिकवणाऱ्यांचा प्रांत, आपला नव्हे, असा त्या स्मिताचा अर्थ. आम्हांस तो मान्य नाही. १९७२ साली ‘गोलपिठा’ आले, तेव्हापासून कामाठीपुऱ्याच्या भाषेवर मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली. त्याच वस्तीतील बायकांविषयी पुढे जो प्रचंड गद्यसंभार निर्माण झाला, म्हणजे देणगीदारांना पाठवायचे अहवाल, तो मात्र आपण वाचलाच नाही. त्या गद्याला स्वतःचे व्याकरण आहे, ठरलेले नायक आहेत आणि ठरलेला शेवट आहे. शिवाय कवितेवरून कोणाची रवानगी ठरत नाही, अहवालावरून ठरते.

आमच्या गटातील एक सदस्या चारकोपला राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे दुसऱ्या शहरातील एका संस्थेचे काम आले. सीमेपलीकडून आणल्या गेलेल्या मुलींना सोडवून मायदेशी पोचवणारी ही संस्था. कार्यकर्तीच्या हिंदी टिपणांवरून मराठी ‘यशोगाथा’ तयार करायच्या होत्या. प्रत्येकीस तीन रकाने: पार्श्वभूमी, हस्तक्षेप, आजची स्थिती. एका मुलीच्या टिपणात असे होते की, नागरिकत्वाची पडताळणी होईना म्हणून तिला आश्रयगृहात चौदा महिने काढावे लागले आणि तेवढ्या काळात आईला एक फोनही करू दिला गेला नाही. ही तक्रार पार्श्वभूमीत बसेना, कारण ती सुटकेनंतरची. हस्तक्षेपात बसेना, कारण हस्तक्षेप हा चांगलाच असतो. आणि ‘आजच्या स्थिती’त शिवणयंत्र होते.

आमचा आक्षेप येथून सुरू होतो. ‘मुलीची सुटका करण्यात आली’ या वाक्यात करणारा अदृश्य आहे आणि मुलगी षष्ठीत. ती सुटली की नाही, हे सांगण्याचा अधिकार वाक्यरचनेनेच तिच्याकडून काढून घेतला आहे. कोणी म्हणेल, ही वैयाकरणी कुरापत झाली. मग मुंबईचाच इतिहास पाहू.

वृत्तपत्रातील मजकुराची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुऱ्यात धाडी पडल्या. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे निम्म्या नेपाळच्या. अल्पवयीन मुली त्यांत होत्या, त्यांना तेथून काढणे आवश्यक होते, याविषयी आमचे दुमत नाही. पण धाडीच्या दिवशी मोजणी संपली आणि खरी कथा त्यानंतर सुरू झाली. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास राजी होईना. नागरिकत्वाचा पुरावा काय, हा एक प्रश्न, आणि त्या एचआयव्ही घेऊन येतील ही दुसरी भीती. महिनोन्महिने त्या येथील सुधारगृहांत राहिल्या. अखेर जुलैमध्ये नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला, तेव्हा शंभराहून अधिक जणी काठमांडूस पोचल्या. १९५०च्या करारामुळे जी सीमा नेणाऱ्या दलालाला उघडी होती, ती परतणाऱ्या मुलीला बंद झाली. फेब्रुवारीचा आकडा तेवढा यशाचा म्हणून राहिला.

आकड्यांविषयी अविश्वास दाखवणे म्हणजे पीडितांशी प्रतारणा, असे आम्हांस अनेकदा ऐकवले जाते. हा अविश्वास आमचा नव्हे. ज्या अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००१ पासून दरवर्षी जगातील देशांना श्रेणी देण्यास आरंभ केला (भारत २००४ ते २०१० ‘निरीक्षण-यादी’त होता), त्याच देशाच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये लिहून ठेवले की, दरवर्षी सहा ते आठ लाख माणसांची सीमापार तस्करी होते हा सर्वत्र उद्धृत होणारा अंदाज एकाच व्यक्तीने काढलेला होता आणि आपल्या कामाची पूर्ण नोंद त्या व्यक्तीने ठेवलेली नव्हती. २००७ मध्ये त्याच कार्यालयाने परदेशांतील तस्करीविरोधी प्रकल्प तपासले. या प्रकल्पांचा परिणाम काय झाला हे सांगणारे मूल्यमापन फारच थोडे आहे, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे रोगाचे माप अंदाजे आणि औषधाच्या गुणाची नोंद नाही. आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने असा प्रबंध आणला असता तर आम्ही तो परत केला असता.

सीमेवरची चौकी हे याच मोजणीचे दुसरे रूप. अडवलेली मुलगी ही ‘वाचवलेली’ म्हणून लिहिली जाते. ती कोठे आणि कशासाठी निघाली होती, हा प्रश्न रकान्यात नाही. नेपाळने २०१२ मध्ये तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास बंदी केली. कामाची गरज बंदीने संपत नाही. त्या भारतातून, कागदपत्रांवाचून जाऊ लागल्या आणि दलालाच्या अधिकच अधीन झाल्या. संरक्षणाने निर्माण केलेली ही जोखीम मोजायची कोणी? सार्कने २००२ मध्ये काठमांडूत केलेल्या करारात तर तस्करीची व्याख्याच वेश्याव्यवसायापुरती आहे. घरकामाला विकली गेलेली मुलगी तेथे व्याख्येतही येत नाही.

आणि सीमा देशाचीच असावी लागते असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये चारकोपशेजारच्या मालाडात एका गेस्ट हाऊसवर कारवाई झाली आणि तीन सज्ञान तरुणींची ‘सुटका’ झाली. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभरासाठी उत्तर प्रदेशातील नारी निकेतनात धाडण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय करणे हाच १९५६च्या कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तोवर वर्ष उलटून गेले होते. ज्यांना सुटकेपासून सुटका मागण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले, त्या तिघी तक्त्यात कोणत्या बाजूस धराव्यात?

आता चारकोपविषयी. ही वसाहतच मुळी एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची निर्मिती. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे सेवायुक्त छोटे भूखंड आखले गेले: सेक्टर, मधले चौक, सहकारी संस्था. १९९४ मध्ये प्रकल्प संपला तेव्हा अशा योजना फसल्या असेच मत होते आणि बँकेने त्या जवळजवळ सोडून दिल्या. वीस वर्षांनी ओवेन्स, गुल्यानी आणि रिझवी या अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतील या वसाहती पुन्हा पाहिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष उलटा निघाला. वस्त्या भरल्या होत्या, घरे वाढली होती, निरनिराळ्या उत्पन्नाची माणसे शेजारी नांदत होती. समाप्तीच्या दिवशीचा निकाल चुकला होता, आणि तो चुकला हे कळले ते कोणीतरी परत आले म्हणून.

तस्करीविरोधी प्रकल्पांत नेमके याच्या उलट घडते. समाप्तीच्या दिवशी यश जाहीर होते आणि वीस वर्षांनी कोणी येत नाही. अर्थात घरे जागची हलत नाहीत, बायका हलतात, हे आम्ही जाणतो. चारकोपातही भूखंड विकून निघून गेलेल्यांना शोधणे कठीणच. पण अशक्य म्हणावे तर १९९६ साली परतलेल्यांपैकी काहींनी काठमांडूत स्वतःची संघटना उभी केली, ‘शक्ती समूह’. नागरिकत्वाच्या दाखल्यांअभावी तिची नोंदणी २००० सालापर्यंत रखडली. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिच्या संस्थापकांपैकी चारीमाया तमांग यांनी परतल्यावर आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः खटला भरला होता. मुंबईतल्या सुटकेविषयी मूल्यमापकांनी विचारावे असे कोणी शिल्लक नाही, ही सबब त्यानंतर उरत नाही. आमची मागणी एवढीच की, प्रत्येक प्रकल्पाच्या निधीतील काही भाग दहा वर्षांनंतरच्या विचारपुशीसाठी वेगळा ठेवावा आणि ती विचारपूस करणारांत अशा स्त्रिया असाव्यात. २०२५ च्या जुलैत अमेरिकेची युएसएड ही यंत्रणाच बंद झाली. अशा वेळी प्रकल्प संपतो, आणि ज्यांना विचारायचे त्यांचे पत्तेही त्याच्याबरोबर जातात.

राहिले साहित्याचे. तेंडुलकरांच्या ‘कमला’त (१९८१) पत्रकार जयसिंह बाईच्या खरेदी-विक्रीचा पुरावा म्हणून एक बाई विकत घेतो, पत्रकार परिषदेत तिला उभी करतो आणि मग तिला अनाथाश्रमात पाठवून देतो. वर्गात आपण सरिता आणि जयसिंह यांच्यावर तास खर्च करतो, ते योग्यच. पण त्या नाटकातील सर्वांत नेमका मूल्यमापनाचा प्रश्न कमला विचारते. साहेबांनी तुम्हांला कितीला घेतले, असे ती सरितेला विचारते. तिच्या हाती प्रश्नावली दिलेली नसते, म्हणूनच तिला तो सुचतो. हे नाटक आणि एखादा छापील वार्षिक अहवाल शेजारी ठेवून एक तास घेऊन पाहावा, असे आम्ही अध्यापकांस सुचवतो.

आमच्या सदस्येने ती तक्रार शेवटी ‘आजच्या स्थिती’तच, शिवणयंत्राच्या वाक्यानंतर घालून मजकूर पाठवला. तीन महिन्यांनी छापील प्रत टपालाने चारकोपला आली. यशोगाथा तेथेच संपली होती, आणि खाली उरलेल्या जागेत शिवणयंत्राचे छायाचित्र होते.