तबकडीवरचा भरंवसा

“हार्ड डिस्क बिघडली तरी आंतला मजकूर कोठें जात नाहीं, जाणकारास दाखविली कीं तो काढून देतो,” असें आमची सुशिक्षित मंडळी हल्लीं मोठ्या निश्चिंतपणें सांगते. तुकोबांची गाथा इंद्रायणींतून वर आली, तसा आपला डेटाही वर येईल, ही त्यामागची श्रद्धा! भक्तीच्या प्रांतांत ती शोभते. यंत्राच्या प्रांतांत ती निव्वळ आळसाची ढाल आहे.

या समजुतींत अर्धें सत्य आहे, आणि तेंच घातक. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील चुकून पुसलेली फाइल पुष्कळदां परत मिळते. कारण पुसतांना बहुधा तिची केवळ नोंद जाते, आणि त्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो. परंतु मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवरून धुळीच्या कणाहूनही कमी अंतरावर तरंगणारें हेड जर तिला घासलें, तर चुंबकीय थराचा भुगा होतो. भुग्यांतून अक्षर वाचणारा पंडित अद्याप जन्मावयाचा आहे.

समजा, गंगाखेडच्या एखाद्या घरीं आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या अशा एकाच डिस्कवर आहेत, आणि डिस्क टकटक करूं लागली. तत्क्षणीं वीज तोडावी, हें शहाणपण. पण होतें काय? कोणी ती दहादां चालू करून पाहतो, कोणी झांकण उघडतो, कोणी तर फ्रिजमध्यें ठेवतो! बाहेर काढतांच तबकडीवर दंव धरतें, एवढेंही या वैद्यांस सुचूं नये? खरा जाणकार निर्धूळ खोलींत हेड बदलतो आणि प्रथम सर्व मजकुराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवितो; फाइलींचा शोध त्या नकलेवरच. म्हणजे मालकानें जें काम सवडीनें करावयाचें, तेंच हा हजारों रुपये घेऊन, उशिरां करतो.

नक्कल ही कांहीं परकी युक्ति नव्हे. याच गोदेच्या कांठीं, पैठणास, एकनाथांनीं शके 1506 मध्यें (इ. स. 1584) ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती ताडून पाहावयास अनेक पोथ्या होत्या म्हणून. गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग टिकले ते वारकऱ्यांच्या कंठीं आणि वह्यांत. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या संग्रहांतील लाखाहून अधिक ओव्या हातानें कागदावर उतरल्या, पुष्कळशा फितींवर आणि संगणकांत गेल्या, म्हणूनच 2017 पासून ‘पारी’ला त्या लोकांपुढें ठेवतां आल्या.

लग्नपत्रिकेच्या पांचशें प्रती छापणाऱ्या आमच्या घरांस आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत मात्र जड होते.