‘घरीच असते’

मैत्रिणींनो, “तुम्ही काय काम करता?” असं कुणी विचारलं तर काय सांगाल? उत्तराची घाई करू नका. मी केली आणि चांगलीच फसले, म्हणून सांगते.

माझ्या धाकट्या नणंदबाई पीएच.डी. करताहेत. विषय आहे खेड्यातल्या बायकांचं काम. त्यासाठी ऐन सोयाबीनच्या सोंगणीत त्या महिनाभर आमच्याकडे दुसरबीडला राहिल्या होत्या. पहिली प्रश्नावली अर्थातच वहिनीची! भाजीला फोडणी देता देता मी उत्तरं देत होते. “काम करता का?” मी सहज म्हटलं, “नाही हो ताई, घरीच असते.” ताईंनी ‘नाही’वर खूण केली. पाऊण तासानं मी साडी बदलून शाळेत निघाले, तर त्या बघतच राहिल्या! अर्धवेळ का होईना, शिकवते मी. तरी तोंडून आलं ते ‘घरीच’.

गावातही तेच झालं. बहुतेकींनी ‘काम नाही’ सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायका डोक्याला रुमाल बांधून, विळा घेऊन निघाल्या. ताईंनी एकीला थांबवून विचारलं, तर ती हसली. “घरच्या वावरात जाणं, त्याला काय काम म्हणतात का बाई?”

रात्री ताई अगदी रडवेल्या झाल्या. “वहिनी, सगळी पाहणी वाया गेली. तक्ता एक सांगतो, बायका दुसरंच बोलतात.” त्यांच्या सासरी आधीच ‘किती वर्षं चालायचं हे शिक्षण?’ असं सुरू झालेलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला वेळ कुठून आणायचा?

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, खोटं कुणीच बोललं नाही. तू काम विचारलंस, त्यांनी मजुरी ऐकली.”

झालं! ताईंची वही उघडली गेली.

मोजणं आणि ऐकणं या दोन्हींचा मेळ घालणाऱ्या अभ्यासाला ‘मिश्र संशोधन पद्धती’ म्हणतात. तिला वाहिलेलं एक स्वतंत्र इंग्रजी नियतकालिक २००७ पासून निघतं. ताईंनी मला समजावलं ते असं. कधी आधी आकडे गोळा करायचे आणि ते असे का आले, हे मुलाखतींतून शोधायचं. कधी आधी बायकांशी बोलायचं, त्यांचे शब्द उचलायचे आणि मग त्या शब्दांत प्रश्नावली तयार करायची. कधी दोन्ही एकदमच करून शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. पण नुसते तक्ते आणि मुलाखती एका प्रबंधात बांधल्या म्हणजे मेळ झाला असं नाही, बरं का! दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायला हवेत. आकडा आणि बोलणं जुळत नाही, तिथंच काहीतरी नवं कळायचं असतं.

आपल्याकडे इरावतीबाई कर्व्यांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. बर्लिनला पीएच.डी. करताना त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. गोऱ्या वंशाच्या कवट्या वेगळ्या ठरतील, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा होती. मोजमापात तसं दिसलं नाही आणि बाईंनी तसंच लिहिलं. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण त्याच बाई पुढे पंढरीच्या वारीतही चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवतात, हे त्यांना खटकलं. ते काही मोजपट्टीनं कळलं नसतं. १९६३ साली डॉ. दामले यांच्याबरोबर त्यांनी खेड्यातल्या परस्परसंबंधांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. नातं, जात आणि शेजार यांचा माणसांच्या संबंधांवर काय परिणाम होतो, हे त्यात आकडेवारी आणि प्रत्यक्ष माहिती अशा दोन्ही अंगांनी तपासलं आहे.

आणि ताईंच्या अडचणीत जनगणनासुद्धा सापडली होती! ‘काम करता का’ म्हटलं की बायका ‘नाही’ म्हणत. म्हणून १९९१च्या जनगणनेत प्रश्नालाच पुस्ती जोडली, की घरच्या शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरावं. सरकारची वेळेच्या वापराची पाहणी तर आदल्या पहाटे ४ पासूनचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासानं विचारते. २०२४च्या या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. ‘घरीच असते’ म्हणणाऱ्यांचे हे पावणेपाच तास!

ताईंनी आधीच्या प्रश्नावल्या फेकल्या नाहीत. त्यांतल्याच काही बायकांकडे त्या पुन्हा गेल्या आणि विचारलं, “काल उठल्यापासून काय काय केलंत?” आता प्रबंधात एक प्रकरण याच ‘नाही’वर असणार आहे.

तुमच्या घरात कुणी लेक-सून असा अभ्यास करीत असेल, तर एवढं करा:

• तिला रोज एक-दोन तास सलग मिळू द्या. मुलाखत ऐकून उतरवून काढायला, मुलाखतीला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

• बाईची मुलाखत शक्यतो सासू-नवऱ्यासमोर नको. आधी तिची परवानगी, मगच मोबाईलवर ध्वनिमुद्रण.

• बाईनं वापरलेला शब्द तसाच लिहावा. ‘वावर’चं ‘कृषिक्षेत्र’ केलं की अर्थ निसटतो.

• आकडे जुळले नाहीत म्हणून कागद फाडू देऊ नका. दोन दिवस बाजूला ठेवा, मग दोघी मिळून वाचा.

• “कधी संपणार?” असं विचारू नका. “आज काय सापडलं?” असं विचारा.

निघायच्या आदल्या रात्री ताई पुन्हा माझी प्रश्नावली घेऊन बसल्या. या वेळी मी गॅस बंद केला, हात पुसले, समोर बसले. पहाटे ५ पासून सांगायला लागले. दुपारच्या शाळेपर्यंतच आले होते, तोवर कागदाची एक बाजू भरली.

शेजारी सासूबाई ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, “माझंही लिही गं.”