मुलीसारखी, फक्त शाळा सोडून

शहरातल्या सुखवस्तू घरांत हल्ली परमार्थाला ऊत आलाय. घरात अकरा-बारा वर्षांची एक पोर असते, कुठल्या तरी लांबच्या गावची. ‘अगदी मुलीसारखी ठेवलीय हो!’ असं वहिनी सांगतात, तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी अबॅकसच्या क्लासला असते आणि ही मुलीसारखी मोरीत कुकर घासत असते.

हा वात्सल्याविष्कार रविवारी रात्री हॉटेलात बघावा. सगळं कुटुंब पनीरवर तुटून पडलंय आणि ही टेबलाशेजारी उभी, कडेवर वहिनींचं बाळ. ‘तिला नाही आवडत बाहेरचं.’ विचारलं होतं कुणी?

पगाराचं विचारा, वहिनी दुखावतात. ‘पगार कसला? घरचीच आहे ती!’ म्हणजे पैसे देऊन राबवलं तर नोकर, फुकट राबवलं तर लेक! हाच सिद्धांत उद्या ऑफिसात दादांना लावला, तर दादा तडक युनियनकडे धावतील.

सोसायटीचं तर विचारूच नका. भाडेकरू आला की पोलिसांत नोंद. पिझ्झावाल्याचं नाव गेटवरच्या वहीत. परकं मूल राहायला आलं? ‘वहिनींची गावाकडची.’ संपली चौकशी.

परकं मूल सांभाळायची कायद्यात रीतसर सोय आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार ते बालकल्याण समिती ठरवते. आधी तुमचं घर तपासलं जातं, नंतरही पाहणी होते. पण तपासणी म्हटली की परमार्थ आटतो. चौदा वर्षांखालचं मूल घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीत शाळा सांभाळून कुटुंबाला हातभार लावायची सवलत आहे खरी, पण कुटुंब म्हणजे आईबाप, भावंडं, काका-आत्या, मामा-मावशी. हाक मारण्यापुरती मावशी त्यात बसत नाही.

‘तिच्या आईबापांनीच आणून सोडली,’ हा हुकमी एक्का. इगतपुरी तालुक्यातली कातकरी आदिवासी पोरंही आईबापांनीच मेंढपाळांकडे राबायला दिली होती, थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात. 2022 मध्ये ते उघडकीला आलं, तेही त्यातली एक मुलगी जिवानिशी गेली म्हणून.

तुमच्या मजल्यावर अशी लेक असेल, तर ती कुठल्या शाळेत जाते एवढंच विचारा. उत्तराऐवजी चहाचा आग्रह झाला, तर चहा राहू द्या आणि मुलांच्या मदतीची हेल्पलाइन 1098 फिरवा.